खायचं तेल जाळणारी माणसं: रोमन दिव्याची ओळख

इसवी सनपूर्व पहिल्या शतकात रोममधला कायदेपंडित अल्फेनुस वारुस याच्यापुढे एक प्रकरण आलं. एका दुकानदाराने रात्री पायवाटेवरच्या दगडावर दिवा ठेवला होता. जाता जाता एकाने तो उचलला. दुकानदार मागे धावला, दिवा परत मागू लागला आणि पळू पाहणाऱ्याला त्याने धरून ठेवलं. चोराच्या हातात चाबूक होता, तोही टोकाला टोचणारं काहीतरी लावलेला. त्याने फटके मारायला सुरुवात केली, झटापट वाढली आणि दुकानदाराच्या हातून त्याचा एक डोळा गेला. आता दुकानदाराने भरपाई द्यायची का? अल्फेनुसने सांगितलं की डोळा जाणूनबुजून फोडला नसेल, तर दुकानदारावर जबाबदारी येत नाही, कारण पहिला वार समोरच्याचा होता. पण दिवा हिसकावून घेताना दुकानदारानेच हाणामारी सुरू केली असेल, तर दोष त्याचा.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने रोमन कायद्याचं मोठं संकलन करून घेतलं, त्यात हे प्रकरण जपलं गेलं. मला ते फार मोलाचं वाटतं. दिव्यासाठी माणसं रस्त्यावर एकमेकांच्या अंगावर का गेली, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि रोमन दिव्याचं सगळं गणित त्याच प्रश्नात आहे. मातीचा दिवा स्वस्त होता. महाग होतं ते त्यातलं तेल. हे एकदा ध्यानात आलं की घरातला दिवा, दुकानातला दिवा, देवापुढचा दिवा आणि थडग्यावरचा दिवा एकाच ओळीत येऊन बसतात.

आधी वस्तू पाहू. आपली पणती उघडी असते. रोमन दिवा म्हणजे झाकण लावून बंद केलेली पणती. तळहातावर मावेल एवढा, बसका, गोल. वरच्या बाजूला किंचित खोलगट तबकडी, तिच्यात तेल ओतायचं भोक. एका बाजूला पुढे आलेली चोच, तिच्या तोंडातून वात बाहेर येते. दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा बोट अडकवायची कडी. चोचीजवळ कधी कधी सुईच्या जाडीचं आणखी एक भोक दिसतं. काहींच्या मते ते हवेसाठी, काहींच्या मते वात पुढे ढकलायची काडी ठेवण्यासाठी. दिवा बंद असल्याने हातात घेऊन चालताना तेल हिंदकळून सांडत नसे. अंधाऱ्या जिन्यावरून चढायचं असेल तर ही सोय लहान नाही.

दिवा इतका बसका का, याचं कारण तेलात आहे. ऑलिव्हचं तेल दाट असतं आणि वातीच्या धाग्यांमधून ते फार उंच चढू शकत नाही. म्हणून तेलाचा साठा ज्योतीच्या अगदी जवळ, जेमतेम खाली ठेवावा लागतो. रॉकेलचा कंदील उंच असू शकतो कारण रॉकेल पातळ असतं. ऑलिव्ह तेलाला ते जमत नाही. मात्र दुसऱ्या बाबतीत हेच तेल फार गुणाचं आहे. तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते पेट घेत नाही, त्यामुळे दिव्याच्या पोटातल्या तेलाचा भडका उडायची भीती कमी. दिवा कलंडला तरी बहुतेक वेळा तेलाने वातच विझते. वाती सहसा जवसाच्या धाग्याच्या, म्हणजे लिननच्या असत. जुनं कापड फाडूनही वात वळता येई.

उजेड केवढा पडे? एका वातीचा दिवा साधारण एका मेणबत्तीएवढा. म्हणून श्रीमंतांकडे अनेक चोचींचे दिवे, उंच धातूच्या दांड्यावर ठेवलेले किंवा साखळीने टांगलेले काशाचे दिवे असत. प्रत्येक चोच म्हणजे आणखी एक वात आणि तेलाचा तेवढाच जास्त खर्च.

आता हे तेल. ऑलिव्ह तेल हा भूमध्य समुद्राकाठच्या माणसाच्या जेवणाचा आधार. तेच अंगाला लावायचं, तेच स्नानगृहात वापरायचं आणि तेच जाळायचं. तुमच्या दिव्यात जे जळतंय ते तुमच्या ताटातलंच होतं. रोम शहरात मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी निव्वळ फुटक्या तेलकुंभांची आहे. ५ कोटींहून जास्त कुंभांची खापरं तिथे असावीत असा अंदाज आहे. त्यातले बहुतेक दक्षिण स्पेनमधून, ग्वादलकिविर नदीच्या खोऱ्यातून आलेले, प्रत्येकात ७० लिटरच्या आसपास तेल मावेल असे. बाकीचे बरेचसे उत्तर आफ्रिकेतले.

किमतीचा अंदाज सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकातून येतो. महागाई रोखायला त्याने शेकडो वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले होते. साध्या खाण्याच्या ऑलिव्ह तेलाला, अर्ध्या लिटरहून जेमतेम जास्त अशा मापाला, १२ देनारी (देनारी हे रोमन नाणं). उत्तम प्रतीच्या तेलाला ४०. मुळ्याच्या बियांचं तेल ८. आणि शेतमजुराची दिवसाची मजुरी, जेवण धरून, २५ देनारी. म्हणजे हलक्यात हलकं ऑलिव्ह तेल अर्धा लिटर घ्यायचं तर जवळपास अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. संध्याकाळी दिवा किती वेळ ठेवायचा हा प्रश्न अशा घरात रोजचा होता.

सगळीकडे ऑलिव्हच जळत होतं असंही नाही. इजिप्तमध्ये एरंडेल वापरत. त्याला उग्र वास येतो असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलं आहे, तर ते खायला वाईट आणि दिव्यात त्याचा उजेडही कृश पडतो, असं रोमन लेखक प्लिनीचं म्हणणं. तिळाचं तेलही जळे. पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लाल समुद्र आणि हिंदी महासागरातल्या व्यापाराची 'पेरिप्लस' नावाची नोंदवही लिहिली. तिच्यात आरिआके आणि बारिगाझा, म्हणजे उत्तर कोकण-गुजरातचा पट्टा आणि भडोच, इथून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप, सुती कापड यांच्या जोडीला तिळाचं तेल आहे. त्यातलं किती कढईत गेलं आणि किती दिव्यात, हे ती नोंदवही सांगत नाही. पण आपल्या किनाऱ्यावरचं तेल त्या बाजारात पोचत होतं.

हे तेल जळताना काजळी धरत असे, आणि ती काजळी रोमन लिखाणात जागोजागी दिसते. पोरं पहाटे अंधारात शाळेला जात आणि प्रत्येक जण आपापला दिवा नेई. जितकी पोरं तितक्या दिव्यांचा वास मास्तराने सोसायचा, आणि पोरांच्या हातातली होरेस-व्हर्जिलची पुस्तकं काजळीने काळी पडलेली, असं वर्णन कवी युवेनाल करतो. रात्री रोमच्या रस्त्यावरून घरी परतणाऱ्या गरीब माणसाचं चित्रही त्यानेच रेखाटलं आहे. श्रीमंतापुढे मशाली आणि काशाचा दिवा चालतो. गरिबाला सोबत चंद्राची, नाहीतर एका मेणबत्तीची, आणि तिची वात तो पुरवून पुरवून वापरतो. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहराच्या भिंतींवरच्या अक्षरांतूनही हेच कळतं. तिथे रात्री निवडणुकीच्या आणि खेळांच्या जाहिराती रंगवणारे लोक होते. एके ठिकाणी रंगाऱ्याने कंदील धरणाऱ्याला उद्देशून लिहिलंय, 'कंदीलवाल्या, शिडी धर.' ग्लॅडिएटरच्या झुंजींच्या एका जाहिरातीखाली एमिलियुस केलेर नावाचा रंगारी नोंदवतो की हे त्याने एकट्याने, चांदण्यात लिहिलं. चांदणं असेल त्या रात्री तेल वाचतं.

आणि खाणी. प्लिनी स्पेनमधल्या सोन्याच्या खाणींबद्दल लिहितो की डोंगर दिव्यांच्या उजेडात पोखरले जातात, पाळी किती वेळाची हेही दिव्यांवरूनच मोजतात, आणि खाणीतल्या माणसांना कित्येक महिने दिवस दिसत नाही. तेल संपलं की पाळी संपली. दिवा इथे घड्याळही होता. त्या घड्याळाखाली राबणाऱ्यांत गुलाम होते, हे विसरून त्या सोन्याकडे पाहता येत नाही.

एवढे दिवे बनवायचे कुणी आणि कसे? आधीच्या काळात ग्रीक कुंभार चाकावर दिवे घडवत. नंतर साचे आले आणि रोमन काळात तीच रूढ पद्धत झाली. वरचा भाग एका साच्यात, खालचा दुसऱ्यात, दोन्ही कच्चे असतानाच जोडायचे, सांधा बोटाने पुसून घ्यायचा, भोकं पाडायची, पातळ मातीच्या लेपात बुडवायचं आणि भाजायचं. लेप शोभेचा होताच, शिवाय कच्च्या अंगातून तेल पाझरू नये म्हणूनही तो कामाचा. वरच्या तबकडीवर साच्यातूनच चित्रं उठत: ग्लॅडिएटर, घोडे, कुत्रे, कोंबडे, देवदेवता, नाटकातले मुखवटे, शृंगारिक दृश्यं. साध्या माणसाच्या घरातलं हे एकुलतं एक चित्र असू शकत होतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत एक नवा दिवा बाजारात आला. चित्र जवळजवळ नाही, तबकडीभोवती उंच कड, तीवर दोन-तीन गाठी, आणि तळाला ठसठशीत उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव. त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव फोर्तिस, आजच्या मोदेना शहरातलं. २००८ साली मोदेनात कुंभारांनी टाकून दिलेल्या मालाचा ढीग सापडला. त्यात फोर्तिसबरोबर स्त्रोबिलस, कोम्युनिस अशी इतर नावंही निघाली. फोर्तिसच्या नावाचे दिवे ब्रिटनपासून डॅन्यूब नदीच्या काठापर्यंत सापडतात, आणि तेही त्या कुंभाराच्या हयातीनंतर कितीतरी वर्षं बनत राहिलेले.

ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. दूरच्या प्रांतातला कुंभार बाजारातून एक फोर्तिस दिवा आणायचा, त्यावरून मातीचा किंवा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि आपले दिवे काढायचा. नाव आपोआप तळावर उठायचं. पण माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून नक्कल मूळ दिव्यापेक्षा थोडी लहान निघते. त्या नकलेवरून पुढची नक्कल आणखी लहान, अक्षरं आणखी बोथट. आज संग्रहालयात एकाच प्रकारचे पाच दिवे शेजारी मांडलेले असतील तर मोजपट्टीने त्यांची पिढी लावता येते. ही नक्कल चोरी होती की परवानगीने चालायची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला स्वतःला बहुतेक ठिकाणी ती सरळ नक्कल वाटते, कारण काही दिव्यांवर नाव इतकं झिजलंय की ते वाचता येईल याची पर्वा कुणी केलेली दिसत नाही.

आता देवाकडे. रोमन घरात देवांचा छोटा कोनाडा असे. त्यात घराचं राखण करणारे लारेस, कुटुंबप्रमुखाचा जीवनदेव गेनियुस आणि कोठाराचे देव पेनातेस. त्यांना फुलांच्या माळा, धूप, थोडी मदिरा आणि दिवा. या दिव्यासाठी वेगळा आकार नव्हता. जो दिवा स्वयंपाकघरात तोच देवांपुढे. तत्त्वज्ञ एपिक्टेटस आधी गुलाम होता, पुढे मोठा गुरू झाला. त्याने आपल्या शिष्यांना सांगितलेली एक गोष्ट त्यांतल्या एकाने टिपून ठेवली आहे. त्याच्या घरच्या देवांजवळ लोखंडी दिवा होता. एके दिवशी खिडकीशी आवाज आला म्हणून तो खाली धावला, तर दिवा गायब. त्याने मनाशी विचार केला की चोरालाही काहीतरी वाटलं असेल, आणि ठरवलं की उद्या मातीचा आणू. देवांच्या दृष्टीने लोखंड आणि माती यांत फरक नव्हता, ज्योत असली म्हणजे झालं. पुढची गंमत दुसऱ्या शतकातला लेखक लुकियन सांगतो. एपिक्टेटसच्या मृत्यूनंतर त्याचा मातीचा दिवा कुणीतरी ३००० द्राख्मांना, म्हणजे तितक्या ग्रीक नाण्यांना, विकत घेतला.

घरातल्या दिव्याबद्दल ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवलेली एक रीत मला फार आवडते. जुन्या वळणाचे रोमन लोक दिवा स्वतः विझवत नसत, तो आपोआप शांत होऊ देत. असं का, याची प्लुटार्क अनेक उत्तरं देतो. ज्योतीला अन्न लागतं, ती हलते, विझवताना जीव घेतल्यासारखा आवाज करते, म्हणजे ती सजीवासारखी आहे. शिवाय आपली गरज भागली तरी दुसऱ्याला उजेड घेता यावा, ही सवय त्यातून लागते. तेलाचा भाव पाहिला की या रितीमागचा त्याग कळतो.

वर्षाच्या पहिल्या दिवशी रोमन लोक एकमेकांना शकुनाच्या भेटी देत: खजूर, अंजीर, मध, नाणी. पहिल्या शतकात याच दिवसासाठी खास दिवे निघाले. त्यावर पंखवाली विजयदेवता, तिच्या हातात ढाल, ढालीवर 'नवं वर्ष मला शुभ आणि सुखाचं जावो' अशी अक्षरं, आणि भोवती खजूर, अंजीर, नाणी कोरलेली. फराळाचं ताटच दिव्यावर उतरवलेलं.

देवळांतही हेच. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हेरोडोटसने इजिप्तमधल्या साइस नगरीच्या दिव्यांच्या उत्सवाचं वर्णन लिहून ठेवलं. पसरट भांड्यांत मीठ आणि तेल, वर तरंगणारी वात, रात्रभर प्रत्येक घराभोवती उजेड. पुढे इजिप्तची इसिस देवी रोमन साम्राज्यभर पुजली गेली. इ.स. ३५४ च्या रोमन दिनदर्शिकेत १२ ऑगस्टला दीप लावण्याचा सण नोंदलेला आहे, तो तिचाच मानतात.

दिवा अर्पण करताना मात्र तो नेहमी पेटवत नसत. १९९९ साली रोमच्या पियात्सा एउक्लिदे भागात खोदकाम चालू असताना आन्ना पेरेन्ना या देवीचा झरा सापडला. वर्ष सरून वर्ष येण्याची ही देवी, तिचा सण १५ मार्चला. झऱ्याच्या हौदात शेकडो नाणी आणि ७० च्या आसपास दिवे होते. बरेच दिवे कोरे, कधीच न पेटलेले. काही दिव्यांच्या पोटात शिशाचे पातळ पत्रे गुंडाळून घातलेले, त्यावर शत्रूला शाप. तुम्ही कुठल्याही संग्रहालयात रोमन दिवा पाहाल तेव्हा आधी चोच बघा. काळी असेल तर तो वापरातला. स्वच्छ असेल तर तो थडग्यात, झऱ्यात किंवा दुकानाच्या फळीवरून थेट मातीत गेलेला असण्याची शक्यता जास्त.

मृतांसाठीचा दिवा हा या सगळ्यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. तिसऱ्या शतकातला कायदेपंडित मोदेस्तिनुस याच्यापुढे एका बाईचं मृत्युपत्र आलं. तिचं नाव मायविया. तिने लिहिलं होतं: माझा गुलाम साक्कुस आणि दासी युटिखिया व इरेने यांना मुक्त करावं, या अटीवर की त्यांनी एक महिन्याआड माझ्या थडग्यावर दिवा लावावा आणि मृत्यूचे विधी करावेत. प्रश्न असा पडला की हे तिघं थडग्यापाशी नियमित नसतील, तर ते मुक्त मानायचे का? मोदेस्तिनुस म्हणाला, बाईची इच्छा त्यांचं स्वातंत्र्य लटकत ठेवण्याची नव्हती. स्वतंत्र माणसं म्हणूनच त्यांनी थडग्याशी यावं असं तिला हवं होतं. म्हणून ते मुक्तच. मात्र तिची आज्ञा त्यांच्याकडून पाळून घेणं हे न्यायाधीशाचं काम.

दिवे लावण्याच्या प्रथेला विरोध करणारेही होते. पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एका पत्रात ज्यूंच्या शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांबद्दल लिहिलं की ते बंद करावेत, देवांना उजेडाची गरज नसते आणि माणसांनाही काजळी आवडत नाही. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन वैतागून सांगतो की सणाच्या दिवशी मूर्तिपूजकांपेक्षा ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर जास्त दिवे आणि लॉरेलच्या डहाळ्या दिसतात. शेवटी ८ नोव्हेंबर ३९२ रोजी सम्राट थिओडोसियसने कायदाच केला: घरच्या देवांसाठी कुणीही दिवे लावू नयेत, धूप जाळू नये, माळा टांगू नयेत. एका मातीच्या वाटीतल्या ज्योतीवर साम्राज्याचा कायदा यावा, यावरून ती प्रथा घराघरांत किती खोल गेली होती हे कळतं.

कायदा आला, पण दिवे लावायची सवय गेली नाही. ती जागा बदलून चर्चमध्ये गेली. इ.स. ४०६ मध्ये विगिलान्तियुस नावाच्या पाद्र्याने हुतात्म्यांच्या समाधींवर भर दिवसा मेणबत्त्या लावण्यावर टीका केली, तेव्हा ख्रिस्ती विद्वान जेरोमने त्याला झणझणीत उत्तर दिलं. पूर्वेकडच्या सगळ्या चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना सूर्य वर असतानाही दिवे लावतात, असं त्याने लिहिलं, आणि ते अंधार घालवायला लावत नाहीत, आनंद दाखवायला लावतात. आजच्या ट्युनिशियातले कुंभार त्याच काळात लाल मातीचे सुरेख दिवे साम्राज्यभर विकत होते. त्यांच्या तबकडीवर आता ख्रिस्ताच्या नावाची जोडाक्षर-खूण असे, तर काहींवर ज्यूंचा सात फांद्यांचा दीपवृक्ष.

ग्रीसमधल्या कोरिंथ शहरात जुन्या व्यायामशाळेजवळ जमिनीखाली एक स्नानकुंड होतं. १९६० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि सुमारे ४००० दिवे हाती आले, बहुतेक पाचव्या-सहाव्या शतकातले. थिओडोसियसच्या कायद्याला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती आणि कोरिंथ ख्रिस्ती झालेलं होतं. लोक त्या पाण्यापाशी तरी दिवे आणतच होते. एका दिव्यावर कुणीतरी अक्षरं खरडली आहेत. त्यात या पाण्यावर वसणाऱ्या देवदूतांना हाक घातली आहे.